मध्ये सोडलेली जागा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. डेट्रॉइटला येऊन मला पाच महिने झाले होते. त्या दिवशी प्लांटमधून सुटायला सहा वाजले. रस्त्याच्या कडेला सारलेल्या बर्फाचे काळपट ढीग, गाडीचा हीटर अजून तापायचा होता, आणि रेडिओवर निवेदक सांगत होता की गायिका रॉबर्टा फ्लॅक गेली. ८८ वर्षांची होती. एवढं सांगून त्याने तिचं आणि डॉनी हॅथवेचं ‘द क्लोजर आय गेट टू यू’ लावलं.

मला ना तिचं नाव माहीत होतं, ना त्याचं. पण दोघं इतकं जपून गात होते, की शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये असं वाटावं. राहत्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये येऊन पोचलो तरी गाणं चालूच होतं. मी इंजिन बंद केलं नाही. गाणं संपलं, जाहिरात लागली, तरी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

बायको पुण्यात होती. मुलाची बारावी, तिची शाळेची नोकरी, त्यामुळे दीड वर्षासाठी मी एकटाच आलो होतो. हिवाळ्यात डेट्रॉइट आणि पुण्यात साडेदहा तासांचं अंतर पडतं. माझी संध्याकाळ म्हणजे तिची पहाट. ती उठून डबे करून सातला घर सोडते, मी तेव्हा इथे एकट्यासाठी कुकर लावत असतो. फोन व्हायचा तो रविवारी. बाकी दिवस व्हॉइस मेसेजवर. ती बसस्टॉपकडे चालता चालता बोलून पाठवायची, मी जेवण झाल्यावर ऐकायचो, माझं बोलून पाठवायचो, ती ते मधल्या सुट्टीत ऐकायची. असा आमचा संसार चालला होता.

त्या संध्याकाळनंतर उरलेला हिवाळा मी सोल संगीतातली, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातली, युगुलगीतं ऐकत काढला. आयुष्यभर हिंदी-मराठी युगुलगीतांवर वाढलेल्या माणसाचा कान होता माझा. आपल्याकडे बहुतेक वेळा एक कडवं त्याचं, एक तिचं, आणि धृपद दोघांचं. वाटणी चोख असते. इथे तशी वाटणी नाही. एकाची ओळ अजून हवेत असते तोवर दुसरा आत येतो. कधी नुसता हुंकार भरतो, कधी तिचाच शेवटचा शब्द उचलून परत तिच्या हातात ठेवतो. ऐकताना मला पहिल्यांदा आठवलं ते सिनेमातलं कुठलंच गाणं नव्हतं. आठवलं आमच्या गावचं भजन. वडील बुवांच्या मागे गायचे. बुवा चरण घेणार आणि मागचे धृपद धरणार. बुवांचा श्वास संपायच्या आत मागच्यांनी उचललं पाहिजे, नाहीतर मध्ये खड्डा पडतो, असं वडील सांगायचे. मागे म्हणणाऱ्याचं खरं काम गाण्याचं नाही, बुवांच्या तोंडाकडे लक्ष ठेवण्याचं आहे, हेही त्यांचंच.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की ही आठवण अगदीच वाट चुकलेली नव्हती. सोल संगीत निघालं ते कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच. धर्मोपदेशक एक ओळ टाकतो, मंडळी ती झेलून परत करतात. त्यातून गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, आलं, आणि गॉस्पेलच्या त्याच चाली, तेच हुंकार, तीच आर्तता घेऊन गायकांनी पुढे प्रेमाची गाणी केली. १९५४ मध्ये गायक रे चार्ल्सने एका गॉस्पेल गाण्याचा साचा घेऊन त्यात देवाच्या जागी एक बाई बसवली तेव्हा चर्चमधली पुष्कळ मंडळी दुखावली होती. देवाला हाक मारण्याचा सूर माणसाला हाक मारायला वापरला, ही त्यांची तक्रार. आपल्याकडे हा प्रवास उलट्या दिशेने झाला. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांमध्ये प्रेयसीची भाषा विठ्ठलाकडे गेली आहे. तिकडे अमेरिकेत देवाची भाषा प्रेयसीकडे आली. रस्ता एकच, जाणं-येणं दोन्ही बाजूंनी. मला यात काही बाटल्यासारखं वाटत नाही. ज्या सुरात माणूस देवापुढे रडतो त्याच सुरात तो कुणाला तरी ‘ये’ म्हणत असेल, तर ते म्हणणं खरंच असणार.

मार्चच्या पहिल्या शनिवारी मी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या घरात गेलो. हो, घरच आहे ते. पांढरं, दुमजली, समोर मोठी काच, आणि वर निळ्या अक्षरांत ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली, ती पुढे मोटाउन झाली. हे घर आधी एका छायाचित्रकाराचं होतं. गॉर्डी वर राहायचा, मागच्या बाजूला स्टुडिओ. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, आणि १९८५ मध्ये बेरीच्या बहिणीने, एस्थर गॉर्डी एडवर्ड्सने, या घराचं संग्रहालय केलं.

कंपनी काढण्याआधी गॉर्डी इथल्या लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाईनवर होता. एका टोकाला नुसता सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते, हे तो रोज बघत होता. गाण्याचंही असंच करता येईल असं त्याला वाटलं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने चाल सजवायची, वादक ठरलेले, चालायचं कसं, बसायचं कसं, टाळ्यांना मान कशी द्यायची हे शिकवायला मॅक्सीन पॉवेल नावाच्या बाई, नाचाचे पवित्रे बसवायला चॉली ॲटकिन्स. आणि शेवटी क्वालिटी कंट्रोल. हा शब्द त्याने कारखान्यातूनच उचलला. शुक्रवारी सकाळी बैठक असायची, त्यात नव्या रेकॉर्डी ऐकून मत द्यायचं. गॉर्डी विचारायचा, खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच?

माझी अठ्ठावीस वर्षं क्वालिटीत गेली. चिंचवडला आणि आता इथे. पहिला नग पास झाल्याशिवाय लाईन सुरू करायची नाही, हे माझ्या अंगात भिनलंय. म्हणून मला तो प्रश्न मनापासून पटला. पण त्या घरात उभा असताना दुसरंही जाणवलं, की लाईनवरून बाहेर आलेल्या वस्तूत माणसाचा श्वास राहत नाही, आणि इथून बाहेर आलेल्या गाण्यांत तो राहिलाय. ते कसं जमलं याचं उत्तर मी त्या दिवशी शोधत होतो.

स्टुडिओ ए म्हणजे चार पायऱ्या खाली उतरून एक खोली. आमच्या प्लांटची टूल रूम याहून मोठी आहे. सगळीकडे वायरी पसरलेल्या असायच्या म्हणून वादक तिला सापांचा खड्डा म्हणायचे. इथे जेम्स जेमरसन नुसत्या तर्जनीने बास वाजवायचा. एक बोट. जगभरातल्या लोकांनी त्या बोटावर ताल धरला, पण या वादकांची नावं मोटाउनच्या रेकॉर्डवर छापली गेली ती थेट १९७१ मध्ये. हे मला बोचलं. वरच्या बाजूला काचेपलीकडे कंट्रोल रूम. तिथली जमीन एका ठिकाणी झिजलेली आहे, तिथे बसून गाणी करणाऱ्यांच्या पायाच्या ठेक्याने. लाकडाचा वरचा थर गेलाय आणि आतला फिका रेषांचा भाग उघडा पडलाय. मी बराच वेळ तिथेच बघत राहिलो. आमच्या प्रेसवर उभं राहणाऱ्या माणसांच्या बुटांनी जमिनीला असेच खळगे पडतात.

घराच्या वरच्या भागात छताला एक भोक आहे. त्याच्यावर पोटमाळ्याची पोकळी. गाण्यातला घुमारा मिळवायला ते आवाज त्या पोटमाळ्यात सोडायचे आणि परत खाली घ्यायचे. खाली उभं राहून टाळी वाजवा म्हणाले. मी वाजवली. टाळी वर गेली आणि क्षणभराने, जरा मोठी होऊन, परत आली.

याच घरात ‘एंट नो माउंटन हाय इनफ’ घडलं. गाणारे मार्विन गे आणि टॅमी टेरेल. २० एप्रिल १९६७ ला ते बाजारात आलं. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. अमेरिकेच्या यादीत ते १९ व्या क्रमांकापर्यंत पोचलं, म्हणजे तेव्हा काही फार डोक्यावर घेतलं गेलं असं नाही. आज ते कुणाला माहीत नाही असं इथे होत नाही. आमच्या कँटीनमध्ये वाढणारी बाई ते गुणगुणते.

सुरुवात तो करतो. डोंगर, दरी, नदी, कशाचंच काही चालणार नाही असं सांगतो. मग ती येते आणि म्हणते, तुला गरज पडली तर हाक मार, कुठेही असलास, कितीही लांब असलास तरी. तिचं बोलणं चालू असताना मध्येच तो दोनच शब्दांत तिला धीर देतो. आणि ती जराही न अडखळता पुढे जाते, जणू तो धीर तिला मिळाला. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं एकाच मायक्रोफोनपुढे आहेत, खांद्याला खांदा लागलाय, एकमेकांच्या डोळ्यांत बघतायत.

तसं नव्हतं. आधी टॅमीने एकटीने गाऊन ठेवलं. मार्विनचा आवाज नंतर, वेगळा, त्यावर चढवला गेला. वेगवेगळे आवाज टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेऊन ते नंतर जुळवायची सोय तोवर मोटाउनकडे आली होती. निर्माते हार्वी फुक्वा आणि जॉनी ब्रिस्टल यांनी त्या सोयीचा उपयोग केला. म्हणजे ती गात होती तेव्हा तिच्यासमोर कुणीच नव्हतं. जिथे तो बोलणार होता तिथे तिने जागा सोडली आणि त्या जागेच्या पलीकडे जाऊन, तो बोलून झालाय असं धरून, पुढची ओळ उचलली. मग एके दिवशी तो आला, त्याने तिचा आवाज कानाला लावला, आणि तिने सोडलेल्या जागेत बरोबर तेवढंच बोलला.

हे वाचलं त्या रात्री मी गाणं परत ऐकलं. नंतर सवयीने बायकोचा मेसेज लावला. बसचा आवाज, कुणीतरी ‘मावशी, सरका’ म्हणालं, मग ती. मुलाचा फिजिक्सचा पेपर झाला होता. ती म्हणाली, “अरे ऐक ना, तो काहीच बोलत नाहीये. विचारू का त्याला कसा गेला म्हणून?” आणि ती थांबली. तीन-चार सेकंद नुसता रस्ता. मग म्हणाली, “हं, मलापण तेच वाटतं. नकोच विचारायला.”

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. पाच महिने ती असंच बोलत होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती प्रश्न विचारायची, माझ्यासाठी जागा सोडायची, त्या जागेत मी काय म्हणेन ते तिला ऐकू यायचं, आणि ती पुढे जायची. मी काय म्हणालो असतो? नको विचारूस, हेच म्हणालो असतो. बावीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो. पण शिकलेलं कुठे दिसतं, तर त्या तीन-चार सेकंदांत.

टॅमी आणि मार्विन यांचा संसार नव्हता. तो बेरी गॉर्डीच्या बहिणीचा, ॲनाचा नवरा होता. लोकांना मात्र ते जोडपंच वाटायचं, आणि मोटाउननेही तसं वाटू दिलं. टॅमीचं मूळ नाव थॉमसिना विनिफ्रेड मॉन्टगोमरी. फिलाडेल्फियाची, जन्म १९४५ चा. विसाव्या वाढदिवशी तिने मोटाउनशी करार केला. लहानपणापासून तिचं डोकं दुखायचं, आणि तिच्या खऱ्या आयुष्यात जे पुरुष आले त्यांच्यातल्या काहींनी तिला मारहाण केली. हे माहीत झाल्यावर तिचा तो खुला, हसरा आवाज ऐकणं सोपं राहत नाही. गाण्यात एक माणूस मध्येच म्हणतो की काळजी करू नकोस, आणि ती विश्वास ठेवते. इतका विश्वास आवाजात कुठून आणला असेल?

मार्विनलाही घर लाभलं नव्हतं. वॉशिंग्टनमधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, बापाच्या हातचा मार खात मोठा झालेला. मोटाउनमध्ये तो आधी ड्रम वाजवायचा. टॅमीच्या आधी तो मेरी वेल्सबरोबर आणि किम वेस्टनबरोबर गायला. ती गाणीही चांगली आहेत. पण त्यांत तो गाणं पार पाडतो. टॅमीबरोबर तो ऐकतो. मला वाटतं सगळा फरक तेवढाच आहे.

त्या वर्षीचा उन्हाळा डेट्रॉइट विसरलेलं नाही. २३ जुलै १९६७ च्या पहाटे, मोटाउनच्या घरापासून फार लांब नसलेल्या बाराव्या रस्त्यावर पोलिसांनी धाड घातली आणि शहर पेटलं. पाच दिवसांत ४३ माणसं गेली. त्याच उन्हाळ्यात हे गाणं रेडिओवर होतं. एक काळा पुरुष आणि एक काळी बाई, उत्तम शिवलेल्या कपड्यांत, ताठ मानेने, सगळ्या देशाच्या कानात सांगत होते की मी तुझ्यासाठी येईन. रस्त्यावर रणगाडे फिरत असताना हे हळवेपण कमी दर्जाचं होतं असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. ज्यांना माणूस म्हणून मोजायलाच देश तयार नव्हता त्यांनी आपल्या प्रेमाला असं राजस रूप दिलं, ही मोठी गोष्ट होती.

१४ ऑक्टोबर १९६७. व्हर्जिनियातल्या हॅम्पडेन-सिडनी कॉलेजात कार्यक्रम होता. गाता गाता टॅमी कोसळली, मार्विनने तिला धरलं. मेंदूत गाठ निघाली. नंतर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. मधल्या काळात १९६८ मध्ये त्यांची ‘एंट नथिंग लाइक द रिअल थिंग’ आणि ‘यू आर ऑल आय नीड टू गेट बाय’ ही गाणी आली. दुसऱ्या गाण्यात चर्च सगळ्यात जास्त ऐकू येतं. मागचा समूह, हळूहळू चढत जाणारी पट्टी, आणि शब्द विझत असताना एकमेकांना धरून ठेवणारे दोन आवाज. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं गाणं हेच. पहिलं मी सकाळी प्लांटला जाताना ऐकतो, हे ऐकायला मला घर आणि अंधार लागतो.

१९६९ मध्ये त्यांचा ‘ईझी’ नावाचा तिसरा अल्बम निघाला. तोवर टॅमी फार आजारी होती. मार्विनने पुढे सांगितलं की त्यातला टॅमीचा म्हणून जो आवाज आहे तो बऱ्याच अंशी टॅमीचा नाही, व्हॅलरी सिम्पसनचा आहे. व्हॅलरीने हे नाकारलं. आपण फक्त टॅमीला चाल कळावी म्हणून कच्चं गाऊन ठेवलं होतं आणि गायली टॅमीच, असं तिचं म्हणणं. मी तो अल्बम लक्ष देऊन ऐकलाय. कोणाचा आवाज आहे हे ठरवायला म्हणून बसलो होतो, पण दुसऱ्या गाण्यानंतर तो हेका सोडला. एक बाई मरणाच्या दारात आहे, दुसरी तिच्यासाठी वाट आखून देतेय, पुढे गाऊन दाखवतेय. खरं कुणाचंही असो, त्या आवाजात दोघी आहेत.

ही व्हॅलरी आणि तिचा जोडीदार निकोलस ॲशफर्ड यांनीच ही गाणी लिहिली. त्या दोघांचं सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. १९६४ मध्ये हार्लेममधल्या व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांची गाठ पडली. ॲशफर्ड मिशिगनहून न्यूयॉर्कला आलेला, राहायला जागा नाही, बागेतल्या बाकांवर रात्री काढलेला मुलगा. ती पियानो वाजवणारी. मॅनहॅटनच्या रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंच्या उंच इमारती बघून, हे शहर मला हरवू शकणार नाही, असं त्याच्या मनात आलं आणि तिथून ‘एंट नो माउंटन’चे शब्द सुचले. म्हणजे त्या गाण्यातले डोंगर खरं तर बिल्डिंगा आहेत. आणि गाणं खरं तर भुकेल्या पोटाने काढलंय. गायिका डस्टी स्प्रिंगफिल्डला ते हवं होतं. यांनी दिलं नाही, मोटाउनच्या दारात जायला हीच आपली किल्ली आहे म्हणून जपून ठेवलं. १९७४ मध्ये त्यांनी लग्न केलं, पुढे स्वतःही जोडीने गायले, आणि २०११ मध्ये ॲशफर्ड गेला तेव्हापर्यंत बरोबर होते. दुसऱ्यांच्या तोंडी जे शब्द दिले ते या दोघांनी स्वतः पाळले.

टॅमी १६ मार्च १९७० ला गेली. चोवीस वर्षांची. मार्विन तिच्या अंत्यविधीला बोलला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस लोकांसमोर गायलाच तयार होईना. १९७१ मध्ये त्याने ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ केलं तेव्हा तो वेगळाच माणूस झाला होता. त्या अल्बममध्ये तो अनेक ठिकाणी स्वतःच्याच दुसऱ्या आवाजाबरोबर गातो. एक मार्विन ओळ टाकतो, दुसरा मार्विन उचलतो. यावर संगीतातली जाणती माणसं पुष्कळ काही सांगतील. मला आपलं एवढंच दिसतं, की समोरची जागा रिकामी झाल्यावर तिथे उभं राहायला दुसरं कुणी उरलं नाही.

१९७३ मध्ये त्याने गायिका डायाना रॉसबरोबर अल्बम केला. ती गरोदर होती, त्याला स्टुडिओत धूर सोडल्याशिवाय गाता यायचं नाही, म्हणून दोघांनी बरंचसं वेगवेगळं गाऊन दिलं. तिथेही दोन आवाज, तिथेही नंतर जुळवलेले. पण ऐकलं की कळतं, दोन मोठी माणसं आपापल्या खोलीत छान गातायत. म्हणजे वेगवेगळं गाण्यात दोष नाही, आणि एकत्र गाण्यात पुण्य नाही. ओटिस रेडिंग आणि कार्ला थॉमस या गायकांनी मेंफिसमध्ये १९६७ साली केलेल्या अल्बममध्ये तर दोघं भांडतात, ती त्याला खेडवळ म्हणून हिणवते, तो तिला हसत उलट उत्तरं देतो. ते भांडण ऐकायला मला फार आवडतं. त्याच वर्षी १० डिसेंबरला ओटिसचं विमान विस्कॉन्सिनमधल्या तळ्यात पडलं. तो सव्वीस वर्षांचा होता. या संगीताच्या मागे लागलं की इतकी तरुण माणसं जाताना बघावी लागतात.

आणि डॉनी हॅथवे. ज्याच्या आवाजापाशी माझी गाडी पार्किंगमध्ये चालू राहिली होती. सेंट लुईसला गॉस्पेल गाणाऱ्या आजीने वाढवलेला. तो आणि रॉबर्टा दोघंही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकलेले. १९७२ मध्ये दोघांनी मिळून एक अल्बम केला, त्यातल्या ‘व्हेअर इज द लव्ह’ला ग्रॅमी मिळालं. पण डॉनीला स्किझोफ्रेनिया होता. ऐकू येऊ नये ते त्याला ऐकू यायचं. दवाखाने, औषधं, मैत्रीत पडलेलं अंतर. काही वर्षांनी दोघं परत एकत्र आले आणि १९७८ मध्ये ते गाणं आलं, जे मी हीटर तापायची वाट बघत ऐकलं. म्हणून तर दोघं इतकं जपून गातायत. मला पहिल्यांदा जे झोपलेल्या माणसाला न उठवण्यासारखं वाटलं होतं, ते तसंच काहीतरी होतं. ती त्याला जपत होती.

१३ जानेवारी १९७९. दोघांच्या पुढच्या अल्बमचं काम चालू होतं. त्या रात्री न्यूयॉर्कच्या एसेक्स हाऊस हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून डॉनी गेला. तेहतीस वर्षांचा. अल्बम अर्धा. रॉबर्टाने तो १९८० मध्ये बाहेर आणला तेव्हा त्याच्याबरोबर झालेली दोन गाणी त्यात ठेवली, आणि अल्बमच्या नावात त्याचं नाव ठेवलं. त्यातलं ‘बॅक टुगेदर अगेन’ तर नाचायचं गाणं आहे. डॉनी गेल्यानंतर ती ४६ वर्षं जगली.

मी हे सगळं एका रविवारी बायकोला फोनवर सांगितलं. टॅमीचं, मार्विनचं, सोडलेल्या जागेचं. आणि मग तिच्या मेसेजमधल्या तीन-चार सेकंदांचं. ती जरा वेळ गप्प झाली. म्हणाली, “मी थांबते? मला नाही माहीत.” मग म्हणाली, “आता तू सांगितलंस ना, आता मला जमणार नाही ते.”

दोन दिवस तिचे मेसेज खरंच सपाट आले. भाजी काय केली, गॅस कधी संपला, मेसचं बिल.

बुधवारी मुलाचा शेवटचा पेपर होता. माझ्या संध्याकाळी मेसेज आला तेव्हा मी पार्किंगमध्येच होतो. आज बस नव्हती, ती घरातच होती. म्हणाली, “संपली एकदाची बारावी. काल रात्री नऊलाच झोपलाय, अजून उठला नाहीये. मी दारातून बघून आले. पाय पलंगाबाहेर आलेत त्याचे. एवढा उंच कधी झाला रे हा?” मग थांबली. या वेळी तीन सेकंद नव्हे. पंखा फिरत होता. लांब कुठेतरी कोकीळ ओरडत होता, शेजारच्या घरात कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. मी फोनकडे बघितलं, आकडे पुढे सरकत होते, सात, आठ, नऊ.

मी गाडीतच, काचा बंद असताना, मोठ्याने तिला सांगितलं काय सांगायचं ते.

“हो ना,” ती म्हणाली.